कासवांची वाळू

त्या वर्षी द्वारकाबाईच्या जिवाला जी भीती चिकटली, ती एका हलत्या पोत्यापासून.

साल नव्याण्णव, ऐन एप्रिल. गोदावरीला त्या भागात गंगाच म्हणतात. वडीगोद्रीहून खाली गंगेकडं उतरलं की काठावर डोहेगाव लागतं. दिवाळीनंतर पाणी ओसरून पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडले, की द्वारकाबाई तिथं टरबुजाची वाडी लावायची. काठावरचं शेत आणि कापूस नवरा, तातेराव, बघायचा. वाडी मात्र तिची. चार बांबूंवर पाचट टाकून केलेली खोपी, एक चूल, पाण्याचा माठ आणि दिवसभर सोबतीला कावळे.

त्या दुपारी डोहाकडून एक जीप वाळूतून घरघरत आली आणि वाडीच्या अलीकडं थांबली. तीन माणसं अनोळखी होती. चौथा अप्पाराव, तातेरावचा चुलतभाऊ. गावातली दूध डेअरी त्याच्या हातात, वाळूचे ट्रॅक्टर त्याचे, आणि पंचायतीत कुणी निवडून आलं तरी शब्द त्याचाच. माणसं ओली होती. त्यांनी डोहातून काढलेली पोती जीपमध्ये टाकायला सुरुवात केली. एक पोतं मागं वाळूवर राहिलं होतं.

ते हललं.

द्वारकाबाई वेलाला आळं करत बसली होती. तिचा हात तसाच राहिला. पोतं एका अंगानं वर उचललं गेलं, आतून कुणी कोपर मारावं तसं, आणि पुन्हा निपचित पडलं. आत लेकरू आहे, असंच तिला वाटलं. मग पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून लांब, नळीसारखं नाक बाहेर आलं आणि हवा हुंगू लागलं. ते नाक तिच्या ओळखीचं होतं. कासव.

तिला हायसं वाटलं, पण थोडंच. कारण त्या कासवांशी तिचं एक नातं होतं. दिवाळी सरल्यावर, वाडीची आळी खांदत असताना, एक भलं मोठं कासव पाण्यातून निघून वाळू चढून वर आलं होतं. मागच्या पायांनी खड्डा करून ते तिथंच बसलं. द्वारकाबाई जवळ गेली तरी हललं नाही. नुसतं मान ताणून बघत राहिलं, आणि मागं पांढरी गोल अंडी पडत राहिली. अडलेल्या बाईकडं बघू नये, असं वाटून ती पाठमोरी झाली होती. तेवढ्यात तातेराव भाकरी घेऊन येताना दिसला, तर त्याला तिनं लांबूनच हात करून वळसा घालायला लावला होता.

त्याच हिवाळ्यात अंबडहून बद्रीनाथ नावाचा तरुण वनरक्षक मोटरसायकलवर आला. ह्या जातीचं मऊ पाठीचं कासव आपल्याकडच्या नद्यांत राहतं आणि आता संपत चाललंय, त्याला धरून विकणं गुन्हा आहे, असं त्यानं गावात चार जणांना सांगितलं. ऐकलं ते द्वारकाबाईनं. त्या पट्ट्यात त्याला अंड्यांच्या आणखीही जागा सापडल्या. त्यानं दाखवलं तशा तिनं त्या सगळ्यांभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. कुत्री, मुंगसं उकरतात म्हणून. "पिल्लं पावसाळ्यातच निघतील मावशी," बद्रीनाथ म्हणाला होता. "तवर अंडी हलवू नका. हलवायची पाळीच आली तर वरची बाजू वरच ठेवायची. उलटली तर आतलं मरतं."

जीप निघून गेल्यावर द्वारकाबाई बराच वेळ खोपीत बसून राहिली. आपण बघितलं, हे अप्पारावनं बघितलं का, हे तिला आठवेना. दोन दिवसांनी बद्रीनाथ आला तेव्हा तिनं सांगून टाकलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की त्याला वाकून ऐकावं लागलं.

पुढच्या खेपेला जीप वडीगोद्रीच्या फाट्यावर अडवली गेली. पोती उघडली, कासवं जिवंत निघाली, पंचनामा झाला आणि कासवं परत डोहात सोडली. अप्पाराव जीपमध्ये नव्हता. त्याचं नावही कुठं आलं नाही. द्वारकाबाई तो दिवसभर आनंदात होती. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिच्या मनात आलं, आता तो विचार करील, सांगितलं कुणी? आणि पात्रात दिवसभर असतं कोण?

अप्पाराव तिसऱ्या दिवशी भर दुपारी वाडीत आला. एकटाच. पांढरा सदरा, हातात रुमाल. खोपीच्या सावलीत बूड टेकून म्हणाला, "वहिनी, एक टरबूज तर द्या."

तिनं दिलं. विळा द्यायला हात पुढं केला, तर तो म्हणाला, "राहू द्या. है माझ्याकडं." त्यानं खिशातून चाकू काढला आणि सावकाश फोडी केल्या. एक फोड तिच्यापुढं धरली. तिला ती घ्यावी लागली.

"गोड है," तो म्हणाला. "तातेराव न्हाई येत काय दुपारचा?"

"येतात की. येतच असतील."

"कापसाच्या पऱ्हाट्या उपटून राह्यला तो. आत्ताच बघून आलो. चार वाजेपर्यंत न्हाई येत." त्यानं एक बी थुंकली. "एकल्याच असता वहिनी तुमी. ऊन लई है. काही झालं तर आवाज दिला तरी ऐकायला जाणार न्हाई कोणाला."

द्वारकाबाईच्या हातातली फोड गळू लागली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"पुष्पा बरी है ना?" पुष्पा तिची लेक, जालन्याला दिलेली. "जावई सळईच्या मिलमधी है म्हणे. रोज मोटरसायकलवर जातो. तो एमआयडीसीचा रस्ता बिलकुल बेकार है, वहिनी. सगळे ट्रक. सांभाळून जायला सांगत जा त्याला."

तो उठला, चाकू रुमालाला पुसला, आणि जाता जाता काट्यांच्या कुंपणांपाशी थबकला. एकेक कुंपण बघत, जणू ओळखीच्या घरांपुढून जातोय अशा चालीनं, काठाकडं गेला. त्यानं एकही शिवी दिली नव्हती. कुणाला सांगावं तरी सांगण्यासारखं काही नव्हतं. भाऊजी आले, टरबूज खाल्लं, लेकीची चौकशी केली. एवढंच.

तिनं रात्री तातेरावला सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय पडलं होतं त्या कासवाचं?"

"पोतं हलून राह्यलं होतं हो."

"हलू दे की. जगात लई पोती हलत असत्याल." त्याचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याला घाबरलेलं तिनं तोपर्यंत पाहिलं नव्हतं. त्यानं तिची भीती दुप्पट झाली.

त्यानंतर चारेक दिवसांनी सकाळी ती वाडीत गेली, तर सगळे वेल उपटलेले. नुसते उपटलेले नाहीत, मुळं वर करून ओळीनं मांडून ठेवलेले. कोवळी टरबुजं देठाला तशीच. काट्यांची कुंपणं मात्र जिथल्या तिथं. एक काटीसुद्धा हललेली नव्हती. अंडी फोडली असती तर तिला राग आला असता. ती न फोडल्यामुळं तिच्या अंगावर काटा आला. म्हणजे ह्याला सगळं ठाऊक आहे, आणि ह्यानं काही तरी राखून ठेवलंय.

ती त्या दिवशी वाळूत पाऊल न टाकता काठावरूनच माघारी फिरली.

मग कशाचीही भीती वाटू लागली. दारातलं कुत्रं भुंकलं तरी, मोटरसायकल थांबली तरी. रविवारी जावई लेकीला घेऊन येणार होता. दुपारची वेळ टळली, उन्हं कलली, तरी पत्ता नाही. तातेराव सायकल दामटत वडीगोद्रीला गेला, तिथल्या बूथवरून त्यानं जालन्याला शेजाऱ्यांकडं फोन लावला. दोघं सकाळीच निघालेत, एवढंच कळलं. द्वारकाबाई उंबऱ्यात बसून राहिली. डोळ्यांपुढं रस्ता, ट्रक आणि रस्त्यावर पडलेली एक चप्पल, असं काहीबाही यायला लागलं. पुष्पा आणि जावई आले ते हसत. अंबडला बाजारात थांबलो, मग चाक पंक्चर झालं, म्हणाले. त्यांना पाहून ती रडायलाच लागली. लेकीला वाटलं, माय वेलांसाठी रडून राह्यली.

बद्रीनाथ एकदा येऊन गेला. त्याची बदली झाली होती, किनवटकडं. "ती होणारच होती मावशी," तो म्हणाला, पण तिच्याकडं न बघता. "नवीन माणूस येईल. तवर जपून राहा." तो गेल्यावर तिला कळलं, आता नवरा सोडला तर ज्याच्याशी हे बोलता येईल असं कुणीच उरलेलं नाही.

मे महिन्यात गावात दवंडी पिटली. वरच्या धरणातून खालच्या गावांसाठी पाणी सोडलंय. उद्या दुपारपर्यंत आपल्याकडं पोचंल. जनावरं, सामानसुमान पात्रातून काढून घ्या.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईनं घरातून बाहेर पडायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. तिच्या दोन भाकरी करपल्या. काठावरून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. पाणी यायच्या आत जेवढी निघेल तेवढी वाळू उपसायची अप्पारावची घाई होती. खोपीचे बांबू आणि माठ तेवढा आणते, असं ती तातेरावला म्हणाली. स्वतःलाही तिनं तेच सांगितलं. घमेलं मात्र बरोबर घेतलं, आणि तातेरावनं ते पाहिलं.

पात्रात उतरली तर ट्रॅक्टर तिच्या उपटलेल्या वाडीतूनच चालला होता. मागं ट्रॉली, ट्रॉलीत फावडी घेतलेले गडी. चालवणारा कचरू, गावातलाच पोरसवदा बाप्या, नुकतंच लग्न झालेला. ट्रॅक्टरचं तोंड थेट कुंपणांच्या पट्ट्याकडं होतं. तिथली वाळू जाड आणि स्वच्छ होती हे खरं. पण जाड वाळू पलीकडंही होती.

द्वारकाबाई पळत सुटली. का पळाली, ते तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. ट्रॅक्टरच्या आणि पहिल्या कुंपणाच्या मधे ती पोचली आणि तिथं तिचे पाय गेले. ती मटकन खाली बसली. गावात पुढं लोक म्हणायचे, द्वारकाबाईनं ट्रॅक्टरपुढं ठिय्या मारला. तिनं काही मारलं नव्हतं. तिला उभंच राहता येत नव्हतं.

कचरूनं ब्रेक दाबला. "काकू! उठा की! काय करून राह्यल्या तुमी?"

तिनं नुसती मान हलवली. कचरूनं हॉर्न वाजवला, परत वाजवला. गडी ट्रॉलीतून वाकून बघू लागले.

अप्पाराव काठावर उभा होता. तो मोटरसायकल तिथंच टाकून खाली उतरला. त्याची चाल तीच, घाई नसलेली. जवळ येऊन त्यानं आधी नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं, मग तिच्याकडं.

"वहिनी, बाजूला व्हा. पाणी येऊन राह्यलंय."

"भाऊजी..." तिच्या तोंडून एवढंच निघालं. "भाऊजी, तिकडची घ्या. तिकडं लई वाळू है."

"मला हीच पाहिजे." तो कचरूकडं वळला. "चल. घे पुढं."

"काकू बसल्यात ना, अप्पा."

"उठतील. चाक जवळ आलं की सगळे उठतात. घे."

इंजिन मोठ्यानं गुरगुरलं. पुढचं चाक अर्धा फेरा फिरलं. टायरच्या खाचांत अडकलेली ओली वाळू द्वारकाबाईच्या तोंडासमोर आली, डिझेलचा वास नाकात गेला. तिनं डोळे मिटले. अंगाखाली गरम ओलं लागलं. तिला वाटलं पाणी आलं. मग समजलं, पाणी नव्हे. आपलं लुगडं आपणच ओलं केलंय, एवढ्या माणसांदेखत. तरी तिला उठता आलं नाही.

इंजिन बंद पडलं. तिनं डोळे उघडले तेव्हा कचरू खाली उतरला होता, हातात चावी.

"मला न्हाई जमायचं, अप्पा."

"काय?"

"न्हाई जमायचं. माझी माय है तेवढ्या वयाची."

अप्पारावनं त्याच्या कानशिलात मारली. आवाज पात्रभर झाला. कचरूनं गालाला हात लावला नाही, आणि चावीही दिली नाही. अप्पारावनं परत हात उचलला, तेवढ्यात ट्रॉलीतला एक गडी ओरडला, "पाणी!"

सगळ्यांनी वर पाहिलं. लोंढा वगैरे नव्हता. वाळूच्या पट्ट्यांमधल्या सखल जागांतून एक पातळ, मळकट जीभ पुढं सरकत होती, तोंडाशी फेस आणि काडीकचरा घेऊन. इतकी शांत, की आवाज येत नव्हता. पण बघता बघता तिच्या दोन झाल्या, आणि मागचं सगळं पात्र चकाकायला लागलं.

गड्यांनी उड्या टाकल्या. अप्पारावनं कचरूच्या हातातून चावी हिसकली, स्वतः ट्रॅक्टरवर चढला आणि वळवायला लागला. अर्धी भरलेली ट्रॉली वाळूत रुतली. त्याला शिव्या देताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं. आता तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

द्वारकाबाई रांगतच खोपीशी गेली, चुलीतला कोळसा कमरेला खोचला आणि घमेलं ओढत पहिल्या कुंपणाशी आली. काट्या उपटताना हात फाटले. वाळू हातांनी बाजूला केली. अंडी लागली, उबदार. प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगाला कोळशाचा ठिपका द्यायचा, घमेल्यात वाळूचा थर, त्यावर ठिपका वर ठेवून अंडं. ठिपके वेडेवाकडे उमटत होते. एक अंडं फुटलं. आत काय होतं ते तिनं पाहिलं नाही.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. ती दचकून किंचाळली. तातेराव होता, धापा टाकत. तिच्या ओल्या लुगड्याकडं त्याचं लक्ष गेलं. काही न विचारता त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, पसरला आणि दुसऱ्या कुंपणाच्या काट्या उपटायला लागला.

"ठिपका वर," ती म्हणाली.

"कळलं."

दोन जागा झाल्या. तिसऱ्याची वाळू उकरली तर खालून पाणीच वर आलं. पुढची कुंपणं काट्यांची टोकं दाखवत पाण्यात उभी होती. ती तिकडं निघाली तसं तातेरावनं तिचा दंड धरला आणि सोडलाच नाही. घमेलं तिच्या डोक्यावर, रुमालाचं गाठोडं त्याच्या छातीशी, असे ते गुडघाभर पाण्यातून दरड चढले. मागची अंडी तिला दिसत होती असं नाही. पण पाणी त्यांच्यावर चढत होतं, हे तिला पाठीला कळत होतं.

अप्पारावनं ट्रॅक्टर वाचवला, ट्रॉली पाण्यात सोडून. छातीपर्यंत भिजलेला तो त्यांच्या अंगावरून गेला. एक क्षण थांबला. द्वारकाबाईनं घमेलं घट्ट धरलं. आता हा हे पालथं करणार.

"बसा आता उबवत," तो म्हणाला आणि गेला.

आता काय होणार, ह्या विचारात तिचे पुढचे दिवस गेले. अंडी त्यांनी दरडीवरच्या आपल्या शेताच्या कोपऱ्यात वाळू टाकून पुरली आणि वर जाळी लावली. रोज सकाळी ती आधी दाराबाहेर बघायची, मग रस्त्याकडं, मग जाळीकडं. काही झालं नाही. जीपच्या खटल्यात त्या तीन माणसांना दंड झाला. अप्पाराव डेअरीत पूर्वीसारखाच बसत होता, समोरून गेलं तर "काय वहिनी" म्हणत होता. त्या दोन शब्दांनी तिचा दिवस नासायचा. कचरूला त्यानं दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. गावात कुणी काम देईना, म्हणून तो बायकोला घेऊन जालन्याला गेला. पुष्पाच्या नवऱ्यानं त्याला मिलमध्ये भट्टीवर लावून दिलं. द्वारकाबाई त्याच्या आईकडं गेली होती. म्हातारी म्हणाली, "भट्टीची आच लई है म्हणतो. पण तब्येत बरी है." तिच्या बोलण्यात राग होता की नाही, हे द्वारकाबाईला शेवटपर्यंत उमगलं नाही.

पुढच्या हंगामात अप्पारावचे ट्रॅक्टर त्या पट्ट्यात आले नाहीत. खालच्या अंगाला उपसा सुरू झाला. त्याला लाज वाटली, की तिकडं वाळू चांगली निघाली, कोण जाणे. द्वारकाबाईनं वाडी पुन्हा लावली. शेजारी केशरबाई आणि सोनूबाईनंही लावल्या. तुझ्याच्यानं एकलीनं बसवत न्हाई तर आमी हैत, म्हणाल्या. तरी दुपारी वाळूवर चपलांचा आवाज झाला की तिच्या तळहातांना घाम सुटायचाच.

पण ते पुढचं. त्या वर्षी आषाढ निम्मा सरला, तेव्हा एका सकाळी जाळीखाली वाळू खचलेली दिसली. वाटीएवढ्या खळग्यात पिल्लं वळवळत होती. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, पाठीवर गोल डोळ्यांसारखी नक्षी, आणि तेच नळीचं नाक, बारीक. सगळी नाही निघाली. पुष्कळ अंडी तशीच राहिली, थंड. निघाली तेवढी घमेल्यात घेऊन दोघं गंगेवर गेले. पाणी लालसर, काठाशी शांत. झाडोऱ्याआड एक उथळ जागा तातेरावनं आधीच बघून ठेवली होती.

आनंद व्हायला पाहिजे होता. द्वारकाबाईचं लक्ष पिल्लांकडं नव्हतंच. ती पुन्हा पुन्हा दरडीकडं बघत होती.

"कोणी है का हो वर?"

तातेराव उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून त्यानं सगळी दरड या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली, नीट, वेळ घेऊन.

"न्हाई कोणी. सोड."

तिनं तरी एकदा स्वतः वळून पाहिलं. मग खाली बसून घमेलं पाण्याला टेकवलं.